छापील मासिक वाचकाच्या फोनवर विकताना : लहान प्रकाशकांसाठी मार्गदर्शन

कोल्हापूर आणि आसपासच्या गावांतून मासिक, त्रैमासिक किंवा दिवाळी अंक काढणाऱ्यांचं काम बहुतेक वेळा दोन-तीन माणसांच्या जिवावर चालतं. संपादकच जाहिराती आणतो, डीटीपी (संगणकावरची पानमांडणी) बाहेरून करून घेतो आणि वर्गणीदारांचे पत्ते घरात बसून चिकटवतो. त्यातले बरेच वर्गणीदार आता पुण्यात, मुंबईत, बंगळूरला किंवा परदेशात आहेत. टपालाचा खर्च वाढतोच आहे, आणि २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झाल्यावर दूरच्या वर्गणीदारांचं गणित अनेकांना नव्याने मांडावं लागलं. मग ठरतं की अंक डिजिटल करायचा, आणि छापखान्याला दिलेली पीडीएफच वाचकांना पाठवली जाते.

गाडी इथेच अडते. दिवाळी अंकाचं पान ए-४ च्या जवळपास, म्हणजे साधारण २१० मिलिमीटर रुंद असतं. फोनचा पडदा जेमतेम ६५ ते ७० मिलिमीटरचा. अख्खं पान पडद्यावर बसवलं की ११ पॉइंटचा मजकूर जेमतेम साडेतीन पॉइंटचा दिसतो. दोन कॉलमचं पान असेल तर वाचक बोटांनी पान मोठं करतो, खाली सरकतो, पुन्हा वर जाऊन दुसरा कॉलम पकडतो. दोन लेख कसेबसे वाचून अंक तसाच राहतो आणि पुढच्या वर्षी वर्गणी येत नाही.

म्हणून एक गोष्ट आधी पक्की करा. विकायचा असतो अंक, पण तयार करायचा असतो लेख. प्रत्येक लेख युनिकोडमध्ये (कुठल्याही फोनवर मराठीच दिसेल अशा अक्षरपद्धतीत), शुद्ध आणि त्याच्या हक्कांच्या कागदासह तुमच्या हाती असला की त्यातून संकेतस्थळ, इपब (पडद्याप्रमाणे मजकूर जुळवून घेणारी ई-पुस्तकाची फाईल), पडद्यासाठीची पीडीएफ, ध्वनिमुद्रण, वर्षभराच्या कथांचं ई-पुस्तक असं सगळं काढता येतं. पीडीएफपासून उलटं जाणं फार महाग पडतं.

आधी लेखकाची सही

हे काम कंटाळवाणं वाटतं म्हणून मागे पडतं, आणि पुढे तेच अंगाशी येतं. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १९ प्रमाणे हक्काचं हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी असावं लागतं. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. २०१२ च्या दुरुस्तीने आणखी एक अट आली. करार झाला तेव्हा जे माध्यम अस्तित्वातच नव्हतं किंवा व्यापारी वापरात नव्हतं, ते करारात नाव घेऊन लिहिलेलं नसेल तर हस्तांतरणात येत नाही. १९८५ साली कथा छापली, मानधन पोचलं, लेखकाचं आभाराचं पत्रही आलं, तरी तेवढ्यावर ती कथा आज इपबमध्ये घालून विकायचा हक्क मिळाला असं धरू नका.

नव्या अंकासाठी परवानगीपत्र एका पानाचं पुरतं. लेख स्वीकारल्याच्या पत्रासोबतच ते पाठवा. अंक बाजारात गेल्यावर सह्या गोळा करायला कुणालाच वेळ नसतो. मजकूर असा ठेवता येईल :

«माझी ‘……’ ही कथा …… मासिकाच्या …… अंकात छापील स्वरूपात, तसेच पीडीएफ, इपब, संकेतस्थळ आणि ध्वनिमुद्रण या स्वरूपांत, जगभरातील वाचकांना विक्रीसाठी प्रसिद्ध करण्यास मी …… वर्षांसाठी परवाना देत आहे. हा परवाना अनन्य नाही. स्वामित्वहक्क माझ्याकडेच राहील. मानधन : छापील रु. ……, डिजिटल रु. ……»

‘अनन्य नाही’ हे शब्द राहू द्या. लेखकाला पुढे कथासंग्रह काढायचा असतो. त्याची वाट अडणार नाही हे दिसलं की सही लगेच मिळते. डिजिटलचं मानधन वेगळं लिहिलं, मग रक्कम लहान का असेना, तर व्यवहार स्वच्छ राहतो. हाच कागद मुखपृष्ठाचा चित्रकार, व्यंगचित्रकार आणि छायाचित्रकार यांच्याकडूनही घ्या. चित्रांचा विसर सर्वांत जास्त पडतो. मासिक छापण्यापुरतं घेतलेलं छायाचित्र संकेतस्थळावर गेलं की पहिली तक्रार तिथूनच येते.

नोंदणीबद्दल थोडक्यात : छापील नियतकालिकांना १ मार्च २०२४ पासून २०२३ चा नवा प्रेस कायदा लागू आहे. १८६७ चा कायदा गेला, आणि शीर्षक व नोंदणीचं काम आता प्रेस सेवा पोर्टलवर होतं. आयएसएसएन (नियतकालिकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) घेतला असेल तर छापील आणि ऑनलाइन आवृत्तीला वेगवेगळा क्रमांक लागतो. छापील अंकाचा क्रमांक पीडीएफवर तसाच चिकटवू नये.

मजकूर युनिकोडमध्ये आणणं

खरा घाम इथे गळतो. आधी तपासणी करा. डीटीपीच्या मूळ फाईलमधला एक परिच्छेद उचला आणि व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवा. मराठी दिसलं तर मजकूर युनिकोड आहे. रोमन अक्षरं, कंस आणि चिन्हांचा गाळ दिसला तर मजकूर जुन्या फाँटमध्ये आहे. श्रीलिपी किंवा आयएसएमच्या जुन्या फाँटांत देवनागरी अक्षरं रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असतात. फाँट काढला की खाली रोमनच उरतं. असा मजकूर गूगलला सापडत नाही, फोनला मोठ्याने वाचून दाखवता येत नाही आणि शोध घेऊन शब्दही मिळत नाही.

ही तपासणी पीडीएफवर करू नका. पीडीएफमध्ये अक्षरांचे आकार साठवलेले असतात, त्यामुळे युनिकोडमधून बनवलेली पीडीएफसुद्धा कॉपी करताना वेलांट्या-काने इकडेतिकडे टाकते. ऑपरेटरकडून मूळ फाईल घ्या. यापुढे काम देतानाच सांगा की अंक छापायला गेला की पीडीएफसोबत मूळ फाईल, वापरलेले फाँट आणि चित्रांचं फोल्डर एका पेन ड्राइव्हवर हवं. हे बिलातच लिहून घ्या, कारण सहा महिन्यांनी ती फाईल सापडेलच असं नाही.

रूपांतराचा क्रम असा ठेवा :

१. पेजमेकर किंवा इनडिझाइन या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरमधून एकेक लेख वेगळ्या फाईलमध्ये काढा. पेजमेकरला युनिकोड समजत नाही, त्यामुळे रूपांतर बाहेर काढल्यावरच होतं. फाईलच्या नावात वर्ष, महिना आणि लेखाचा क्रमांक असू द्या. ‘फायनल’, ‘फायनल नवीन’ अशी नावं ठेवली की चुकीची प्रत हमखास प्रसिद्ध होते.

२. लेखात मध्येच आलेले इंग्रजी शब्द, ईमेल पत्ते आणि सूत्रं आधी शोधून त्यांच्या जागी खूण घाला. रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरला तीही जुन्या फाँटचीच अक्षरं वाटतात आणि त्यांची भलतीच मराठी होते.

३. नेमक्या त्याच फाँटचं रूपांतरसाधन निवडा. एका कंपनीच्या दोन फाँटमालिकांची अक्षररचनासुद्धा वेगळी असू शकते. निम्मा मजकूर बरोबर आणि जोडाक्षरं बिघडलेली दिसली तर मालिका चुकली आहे. हाताने दुरुस्ती करत बसू नका, साधन बदला.

४. आता शोधा-बदला. पुढच्या चुका जवळपास प्रत्येक अंकात निघतात.

ऱ्हस्व वेलांटी आणि रफार एकत्र आले की घोळ होतो. जुन्या फाँटात वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि रफार नंतर. त्यामुळे ‘आर्थिक’, ‘वार्षिक’, ‘मार्मिक’ असे शब्द हटकून बिघडतात. ‘र्थि’, ‘र्षि’, ‘र्मि’ हे तुकडे शोधून पाहा.

‘आचाऱ्याला’ (स्वयंपाक करणारा) याचं ‘आचार्याला’ होतं. ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ साठी खाली टिंब असलेला ऱ, मग हलंत, मग पुढचं अक्षर असा क्रम लागतो. साधनाने तो साध्या र ने टाकलेला असतो आणि शुद्धलेखन तपासणारं सॉफ्टवेअरही चूक दाखवत नाही, कारण दोन्ही शब्द बरोबरच असतात. ती डोळ्यांनीच पकडावी लागते.

विसर्गाच्या जागी विरामचिन्हाचा कोलन येतो. ‘दुःख’, ‘स्वतः’, ‘निःस्वार्थ’ छापील पानावर ठीक दिसतात, पण फोन वाचून दाखवताना शब्दाच्या मध्येच थांबतो आणि शोधात शब्द मिळत नाही.

‘ॲ’ दोन प्रकारे लिहिला जातो : एक स्वतंत्र अक्षर, दुसरा अ वर अर्धचंद्र. दिसायला सारखेच, संगणकाला वेगळे. सगळीकडे एकच ठेवा, स्वतंत्र अक्षर बरं. ‘शुध्द’, ‘प्रसिध्द’ हे ‘शुद्ध’, ‘प्रसिद्ध’ करून घ्या. अवतरणचिन्हं बऱ्याचदा एखाद्या भलत्याच अक्षरात बदललेली असतात. परिच्छेदाच्या सुरुवातीचे संवाद त्यासाठी नीट पाहा.

५. छापील प्रत शेजारी ठेवून एक पूर्ण वाचन. कवितांचं वाचन दोनदा. कवितेत ओळ कुठे तुटते तेच महत्त्वाचं असतं आणि रूपांतरात ओळी एकमेकींना चिकटतात.

या पाचव्या पायरीचं काम मानधन देऊन चांगल्या मुद्रितशोधकाकडून करून घ्या. शिवाजी विद्यापीठातून मराठीत एम. ए. झालेले अनेक जण अशा कामाला तयार असतात, आणि भाषेची बूज राखणारा माणूस इथे कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा मोलाचा आहे. मात्र सगळ्यांत स्वस्त उपाय पुढच्या अंकापासूनचा : लेखकांकडून मजकूर युनिकोडमध्येच घ्या आणि मांडणीही युनिकोड फाँटमध्ये करा. इनडिझाइनमध्ये परिच्छेदासाठी वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडला की जोडाक्षरं नीट बसतात. ‘मुक्त’, ‘नोटो’ आणि ‘तिरो देवनागरी मराठी’ हे फाँट खुल्या परवान्याचे आहेत, छपाईत आणि संकेतस्थळावर विनाशुल्क चालतात. विकत घेतलेला छपाईचा फाँट संकेतस्थळावर चढवण्याआधी त्याचा परवाना वाचा.

फोनसाठी एक रूप, पानासाठी एक रूप

फोनसाठी संकेतस्थळावरचं पान किंवा इपब. दोन्हींत मजकूर पडद्याच्या रुंदीप्रमाणे वाहतो. मराठीसाठी काही मापं वेगळी लागतात. अक्षर १७ ते १८ पिक्सेल ठेवा आणि ओळींतलं अंतर अक्षराच्या १.६ ते १.७५ पट. इंग्रजीसाठी बनवलेल्या तयार साच्यांत ते दीड पटीच्या खाली असतं, मग वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची मात्रा एकमेकांत घुसतात. अक्षरांमधलं अंतर अजिबात वाढवू नका. शिरोरेघ तुटते आणि शब्द विस्कटतो. तिरकी अक्षरंही टाळा, देवनागरीत ती ओढूनताणून वाकवलेली दिसतात. जोर द्यायचा तर ठळक करा. दोन्ही कडा सरळ करण्याचा मोह फोनवर सोडा. अरुंद ओळीत शब्दांमध्ये भगदाडं पडतात, त्यामुळे डावी कडच सरळ ठेवा. परिच्छेदाच्या पहिल्या अक्षराचा मोठा आकारही काढून टाका. ‘क्रिकेट’मधला ‘क’ मोठा आणि उरलेलं खाली लोंबतंय, असं दिसतं.

पानाची भाषा मराठी असल्याचं संकेतस्थळाच्या आणि इपबच्या सेटिंगमध्ये नोंदवा. काही फाँटांत ही नोंद असली तरच ल आणि श मराठी वळणाचे येतात, नाहीतर हिंदी वळण दिसतं. वाचकाला कारण सांगता येत नाही, पण काहीतरी परकं वाटतं.

लेखाचा पत्ता, म्हणजे लिंक, रोमन अक्षरांत आणि छोटा ठेवा. मराठी अक्षरांतली लिंक व्हॉट्सॲपवर पाठवली की बहुधा टक्क्याच्या चिन्हांची चार ओळींची माळ होते, आणि लोक ती फसवणुकीची लिंक समजून उघडत नाहीत.

तक्ते फोनवर उजवीकडे बाहेर जातात. ऊस किंवा दुग्धव्यवसायाच्या अंकांत खतांचे, खुराकाचे तक्ते भरपूर असतात. दोन रकान्यांपर्यंतचा तक्ता तसाच ठेवा. त्याहून मोठा असेल तर प्रत्येक ओळीची छोटी चौकट करा. चित्र करून टाकलेला तक्ता शोधात येत नाही आणि मोठा करून पाहिला की पुसट होतो. छायाचित्रं १२०० पिक्सेल रुंद आणि २०० केबीच्या आत पुरतात. व्यंगचित्रांच्या रेषा जेपीजीमध्ये मळकट होतात, ती पीएनजीमध्ये द्या.

इपब बनवायला इनडिझाइनमध्ये शीर्षक, लेखक, मजकूर, चौकट, कविता अशा परिच्छेद-शैली आधीच लावलेल्या हव्यात. ज्या ऑपरेटरने प्रत्येक शीर्षक हाताने मोठं केलं असेल त्याच्या फाईलमधून निघालेल्या इपबमध्ये अनुक्रमणिका तयार होत नाही. चित्रं मजकुराला अँकर करा (त्या-त्या ओळीशी बांधा), नाहीतर सगळी शेवटी जाऊन बसतात. तयार झालेलं इपब ‘इपबचेक’ या मोफत साधनातून तपासा, आणि मग साध्या अँड्रॉइड फोनवर, आयफोनवर आणि टॅबवर उघडून किमान एक कथा, एक कविता आणि एक तक्ता वाचा.

पडद्यासाठीची पीडीएफ तरीही काढा. टॅबवर, संगणकावर वाचणारे ज्येष्ठ वाचक पान जसं आहे तसं मागतात, आणि त्यांचं म्हणणं रास्त आहे. फक्त ती छापखान्याची फाईल नको : कटिंगच्या खुणा काढलेल्या, एकेक पान सुटं, रंग एसआरजीबी (पडद्यासाठीचे), चित्रं १५० डीपीआय, अनुक्रमणिकेतल्या प्रत्येक नावाला त्या पानाची लिंक, आणि आकार १५ एमबीच्या आत. छपाईचे सीएमवायके रंग पडद्यावर कधी मातकट, कधी भडक दिसतात.

कुठे विकायचं

तीन वाटा आहेत आणि त्या एकत्र चालवता येतात. पहिली, स्वतःचं संकेतस्थळ. दुसरी, मराठी वाचक आधीच जिथे येतो ते दुकान, जसं की पुण्याचं बुकगंगा. तिथे दिवाळी अंकांचा शोध घेऊनच लोक येतात. तिसरी, मॅगझ्टरसारखी एका शुल्कात हजारो मासिकं देणारी ॲप्स. तिथे तुमचा अंक किती वाचला गेला त्यावर हिस्सा ठरतो, म्हणून छोट्या मराठी मासिकाने त्या उत्पन्नावर घर चालवायचा विचार करू नये. नाव पोचण्यासाठी ठीक.

गूगलने छापील पानांच्या रूपातली मासिकं विकणं जानेवारी २०२० मध्ये थांबवलं. ॲमेझॉनने किंडल न्यूजस्टँड हे मासिकांचं दुकान २०२३ मध्ये बंद केलं. जगभरातल्या प्रकाशकांच्या हातून ते वाचक एका सूचनेसरशी गेले, कारण त्यांची नावं आणि पत्ते दुकानाकडे होते. म्हणून दुकानातून विका, पण प्रत्येक डिजिटल अंकाच्या दुसऱ्या पानावर आणि शेवटच्या पानावर तुमच्या संकेतस्थळाची लिंक आणि व्हॉट्सॲप क्रमांक ठेवा. वाचकांची यादी ही तुमची मालमत्ता आहे. तिची प्रत दर महिन्याला वेगळ्या जागी साठवा, आणि यादीत नाव घालण्याआधी वाचकाची संमती घ्या. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही संमतीवरच भर आहे.

किंडलसाठी एक वेगळा उपयोग आहे. वर्षभराच्या अंकांतल्या निवडक कथांचं ई-पुस्तक केडीपीवर (ॲमेझॉनची स्वतः ई-पुस्तक प्रकाशित करण्याची सेवा) मराठीत काढता येतं. तिथे ७० टक्के मानधन भारतातल्या विक्रीवर हवं असेल तर केडीपी सिलेक्टमध्ये नोंद करावी लागते, आणि मग ९० दिवस ती डिजिटल आवृत्ती दुसरीकडे कुठेही, स्वतःच्या संकेतस्थळावरसुद्धा, विकता येत नाही. त्या कथा आधीच तुमच्या वर्गणीदारांसाठी संकेतस्थळावर असतील तर ही अट मोडते. तेव्हा ३५ टक्क्यांचाच पर्याय घ्या.

किंमत आणि पैसे

सुरुवातीला फक्त तीन किमती ठेवा : सुटा डिजिटल अंक, वार्षिक डिजिटल वर्गणी, आणि छापील अधिक डिजिटल. विद्यार्थी सवलत, द्वैवार्षिक, आजीव असे आठ पर्याय मांडले की वाचक विचार करतो आणि पान बंद करतो. आजीव वर्गणी तर घेऊच नका. पैसे एकदा येतात, सेवा कायम द्यावी लागते.

सध्याच्या छापील वर्गणीदारांना पहिलं वर्ष डिजिटल अंक विनामूल्य द्या. यात नुकसान नाही. ‘अंक पोचला नाही’ म्हणून येणारे फोन कमी होतात, वाचकाला सवय लागते आणि चुका सांगणारे विश्वासू लोक मिळतात.

हिशेब असा मांडा. समजा सुटा डिजिटल दिवाळी अंक १५० रुपयांना ठेवला. पेमेंट गेटवे (वाचकाचे ऑनलाइन पैसे तुमच्या खात्यात आणणारी सेवा) साधारण २ टक्के आणि त्या रकमेवर १८ टक्के जीएसटी घेतो, म्हणजे ३ रुपये ५४ पैसे. हातात १४६ रुपये ४६ पैसे राहतात. तुमची जीएसटी नोंदणी असेल तर १५० मधले २२ रुपये ८८ पैसे कराचे, आणि गेटवेचे पैसे वजा जाता साधारण १२३ रुपये ५८ पैसे उरतात. छापील नियतकालिकावर जीएसटी नाही, पण डिजिटल वर्गणी ही सेवा धरली जाते आणि तिच्यावर १८ टक्के लागतो. महाराष्ट्रात सेवांसाठी नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाखांची आहे. लक्षात ठेवायची गोष्ट ही की त्या २० लाखांत करमुक्त छापील विक्री आणि जाहिरातींचं उत्पन्नही मोजलं जातं. डिजिटलचे चार पैसे आले म्हणून निश्चिंत राहिलेला प्रकाशक इथे सापडतो. किंमत जाहीर करण्याआधी सीएकडून एकदा तपासून घ्या.

पैसे घेताना मासिकाच्या पानावर छापलेला एकच क्यूआर कोड वापरण्याची पद्धत आहे. ती सोडा. वाचक पैसे पाठवतो, नाव कळवायचं विसरतो, आणि बँकेत एखाद्या अनोळखी यूपीआय नावाने रक्कम पडून राहते. मग १२ आकडी व्यवहार क्रमांक मागवा, जुळवा, पुन्हा फोन करा. गेटवेची लिंक दिली तर नाव, फोन आणि रक्कम एकत्र येते आणि अंकाची लिंक आपोआप जाते. तरीही काउंटरवर रोख देणारे किंवा फोनवरून सांगणारे राहतीलच. त्यांच्यासाठी एक वही आणि रोज संध्याकाळी ती संगणकात भरण्याचा नियम पुरतो. परदेशातल्या वाचकाचं कार्ड चालावं म्हणून गेटवेकडे आंतरराष्ट्रीय व्यवहारांची वेगळी मंजुरी मागावी लागते. ती दिवाळीच्या तोंडावर मागू नका.

वर्गणी आपोआप नूतनीकरण होण्यासाठी यूपीआय ऑटोपे वापरता येतं. रक्कम कापण्याच्या किमान २४ तास आधी वाचकाला सूचना जाते, त्यामुळे ‘न विचारता पैसे घेतले’ ही तक्रार येत नाही. ज्येष्ठ वाचकांना मात्र ऑटोपेची भीती वाटते. त्यांच्यावर सक्ती करू नका. वर्गणी संपायच्या महिनाभर आधी, आठवडाभर आधी, त्या दिवशी आणि पंधरवड्यानंतर अशी चार स्मरणपत्रं पाठवा. शेवटचं शक्यतो फोनवरून द्या. मराठी वर्गणीदार मासिकावरचं प्रेम आटल्यामुळे क्वचितच तुटतो. बहुतेकदा त्याला वर्गणी संपल्याचं कुणी सांगितलेलंच नसतं.

नवा अंक आल्याचा व्हॉट्सॲप संदेश छोटा असावा, आणि पाठवणाऱ्याचं नाव पहिल्याच ओळीत :

«नमस्कार, …… मासिक, कोल्हापूर. ऑक्टोबरचा अंक तयार आहे. या वेळी : शिरोळच्या महापुराच्या आठवणी, गुऱ्हाळघरांवरचा दीर्घ लेख, तीन कथा. वाचण्यासाठी लिंक खाली. उघडत नसेल तर याच क्रमांकावर ‘मदत’ लिहा.»

साध्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ जणांची मर्यादा आहे आणि संदेश फक्त तुमचा क्रमांक साठवलेल्यांनाच मिळतो. म्हणून वर्गणीच्या पावतीतच ‘हा क्रमांक मासिकाच्या नावाने साठवून ठेवा’ असं लिहा. ईमेल पाठवणार असाल तर स्वतःच्या डोमेनवरून पाठवा आणि त्याची एसपीएफ व डीकेआयएम नोंद (ईमेल खरंच तुमच्याकडूनच आल्याची खूण) होस्टिंगवाल्याकडून करून घ्या. ती नसेल तर अंक स्पॅममध्ये जातो आणि वाचकाला वाटतं, पाठवलाच नाही.

नकला

दिवाळीच्या आठवड्यात अंकांच्या पीडीएफ गटागटांतून फिरतात. पासवर्ड लावून हे थांबत नाही, फाईलसोबत पासवर्डही पुढे जातो. उलट पैसे भरलेल्या माणसालाच अंक उघडता येत नाही. उपयोगी पडतात त्या दोन गोष्टी. प्रत्येक पीडीएफच्या तळाशी खरेदीदाराचं नाव आणि फोनचे शेवटचे चार आकडे फिकट अक्षरांत छापा, ते आपोआप करणारी साधनं मिळतात. आणि पीडीएफ अंक प्रसिद्ध झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी द्या, तोवर वाचन संकेतस्थळावर. फिरणारी प्रत सापडली तर गटाच्या ॲडमिनला सभ्य शब्दांत कळवा आणि खरेदीची लिंक द्या. बहुतेक ठिकाणी प्रत काढली जाते.

जाहिराती आणि ग्रंथालयं

इथल्या दिवाळी अंकाचा खर्च साखर कारखाने, पतसंस्था, बँका, गुजरीतले सराफ आणि शिरोली-गोकुळ शिरगावचे उद्योजक यांच्या शुभेच्छा जाहिरातींवर निघतो. डिजिटल अंकात तीच पानं चित्र म्हणून टाकली तर वाचक पुढे सरकतो आणि जाहिरातदाराला काहीच मिळत नाही. जाहिरातीतल्या फोन क्रमांकाला थेट फोन लागेल अशी लिंक द्या, पत्त्याला नकाशाची, आणि व्हॉट्सॲपचं बटण. महिन्याने जाहिरातदाराला एका कागदावर सांगा : लेख इतक्या वेळा उघडला गेला, तुमच्या क्रमांकावर इतक्या जणांनी दाबलं. आकडा लहान असला तरी खरा सांगा. पुढच्या वर्षीची जाहिरात त्या खरेपणावर मिळते. सराफाच्या जाहिरातीला परदेशातून आलेले दहा फोन स्थानिक शंभर नजरांपेक्षा मोलाचे असतात, तेव्हा वाचक कुठल्या शहरातून येतात हेही दाखवा.

ग्रंथालयांसाठी छापील अंक चालू ठेवा. करवीर नगर वाचन मंदिरासारख्या १८५० पासूनच्या संस्थेपासून गावोगावच्या वाचनालयांपर्यंत सगळीकडे दिवाळी अंक हातोहात फिरतात, आणि तिथे वाचून आवडलेला अंकच पुढे घरात वर्गणीने येतो. प्रत्येक छापील प्रतीत एक क्यूआर कोड द्या. तो मुख्य पानाकडे न नेता त्या अंकातल्या एका पूर्ण मोफत लेखाकडे नेईल असा ठेवा.

जुने अंक

चांगले जुने अंक हा खजिना आहे, पण तो शेवटी उघडा. ३०० डीपीआयवर रंगीत स्कॅन करा, कृष्णधवल मजकूर असला तरी, कारण पिवळ्या कागदावरची पुसट अक्षरं काळ्या-पांढऱ्या स्कॅनमध्ये उडतात. शिवण घट्ट असलेला अंक दाबून सपाट करू नका, आतली बाजू वाकडी आली तरी चालेल. मग गूगल डॉक्स किंवा टेसेरॅक्ट (चित्रातली अक्षरं ओळखणारं मोफत साधन) वापरून मराठी मजकूर काढा. जुन्या खिळ्यांच्या छपाईत चुका बऱ्याच राहतात. म्हणून सगळ्या पानांचं मुद्रितशोधन करत बसण्याऐवजी आधी फक्त अनुक्रमणिका शुद्ध टाइप करून संकेतस्थळावर चढवा : लेख, लेखक, अंक, पान. संशोधक आणि लेखकांची कुटुंबं त्याच यादीतून तुमच्यापर्यंत येतात, आणि हक्काच्या परवानगीचं बोलणंही तिथूनच सुरू होतं. लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं पूर्ण झाली असतील तर लेखन मुक्त असतं. ती पूर्ण झालेली नसतील तर प्रत्येक लेखासाठी लेखकाची किंवा वारसांची लेखी परवानगी घ्या, आणि ती मिळालेल्या लेखापुरतंच पान उघडा.

दिवाळी अंकापासून सुरुवात करणार असाल तर गणपती बसायच्या आधी परवानगीपत्रं गोळा झालेली असावीत, नवरात्रापर्यंत लेख युनिकोडमध्ये शुद्ध झालेले असावेत, आणि विक्रीची लिंक दिवाळीच्या किमान पंधरा दिवस आधी दहा ओळखीच्या वाचकांकडून पैसे भरून तपासून घेतलेली असावी. त्या दहांत एक साठीच्या पुढचा, एक परदेशात राहणारा आणि एक जुना, स्वस्त फोन वापरणारा असू द्या.